रांगेतून मिळालेली अपॉइंटमेंट

सुधा,

तू गेल्याचं मी डाव्या कानाने ऐकलं.

रविवारी सकाळी सुजाताचा फोन आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. फोन डाव्या कानाला लावला. कान बरा झाल्यापासून मी तो मुद्दाम तिकडेच लावते, चालू आहे ना हे बघायला. "मृदुलामावशी," तुझी लेक म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मम्मी इज गॉन. झोपेतच." शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. मी मूर्खासारखा फोन उजव्या कानाला नेला आणि तिला म्हटलं, "परत सांग." बिचारीला परत सांगावं लागलं.

आज अठरा दिवस झाले. मंडळाच्या ग्रुपवर तुझा फोटो आला, खाली दीडशे लोकांचे जोडलेले हात आले. कोणीतरी तुझी माहितीही टाकली आहे. जन्म नागपूर, लग्न, अमेरिका, वसंतराव, सुजाता. आणि मध्येच एक ओळ: 'वूस्टरमध्ये बावीस वर्षं मेडिकल ऑफिसात नोकरी.' मी त्या ओळीपाशी अडकले. बावीस वर्षं तू एका काचेच्या खिडकीमागे बसलीस, फोन उचललेस, लोकांना तारखा दिल्यास, कितीतरी जणांना दिल्या नाहीस. त्या नोकरीने तुला काय शिकवलं आणि काय टोचत ठेवलं, हे मला माहीत आहे. माझा कान गेला नसता तर मलाही कळलं नसतं.

दीड वर्षापूर्वीचा ऑक्टोबर. मंगळवारी सकाळी उठले तर डावीकडचं जग बंद. आत नुसती घूं घूं, जुना फ्रीज चालू असल्यासारखी. श्रीकांत म्हणाला, "मळ असेल." त्याने गोडं तेल कोमट करून घातलं, दोन दिवस घातलं. नवऱ्याच्या इंजिनियरिंगवर माझा पन्नास वर्षांचा विश्वास, त्यामुळे मीही मान वाकडी करून बसले. गुरुवारी अर्जंट केअरला, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय बघणाऱ्या दवाखान्यात, गेलो. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने कानात उजेड टाकला, म्हणाला मळ नाही, पडद्यामागे पाणी साचलं असावं, नाकातला स्प्रे वापरा, दोन आठवड्यांत मोकळं होईल.

शुक्रवारी दुपारी तू मेथीची जुडी घेऊन आलीस. दारातून काहीतरी बोललीस आणि मी मान वळवून उजवा कान तुझ्याकडे केला. तू जुडी तशीच हातात धरून उभी.

"काय करून राहिली वं? अशी कोंबडीसारखी मान काहून वाकडी केली?"

मी सगळं सांगितलं. तेल, स्प्रे, दोन आठवडे. तू हसशील असं वाटलं होतं. तू जुडी ओट्यावर टाकलीस, मला खुर्चीत बसवलंस आणि म्हणालीस, "तोंड मिटून हं कर. लांब. हंऽऽऽ."

मी केलं.

"आवाज कुठे येतो? चांगल्या कानात का बिघडलेल्या?"

"चांगल्या."

"पक्कं?"

"अगं, पक्कं."

तुझा चेहरा उतरला. तू मला समजावलंस ते अजून पाठ आहे. मळ किंवा पाणी असतं तर हुंकार बिघडलेल्या कानात मोठा आला असता. चांगल्या कानात येतोय म्हणजे बिघाड आतला, नसेतला असू शकतो. तुझ्या ऑफिसातले डॉक्टर तुम्हा डेस्कवरच्या बायकांना बजावून सांगायचे म्हणे, की कोणी म्हणालं, एका रात्रीत एक कान गेला, तर त्याला पुढच्या महिन्याची तारीख द्यायची नाही, त्याच दिवशी मला सांगायचं. औषध लवकर सुरू झालं तर कान परत येतो. दोनेक आठवड्यांनंतर कठीण.

"आज कितवा दिवस?" तू विचारलंस.

"चौथा."

"चार दिवस तेल घालत बसले," तू श्रीकांतकडे बघून म्हणालीस. तो पेपर वाचत होता. पेपर आणखी वर गेला.

शुक्रवारचे साडेचार वाजले होते. माझी नेहमीची डॉक्टर सुट्टीवर होती. तिच्या जागी असलेल्या नर्सने सांगितलं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेच जा, रेफरलची चिठ्ठी सोमवारी पाठवते. शनिवार-रविवार मी त्या घूं घूं बरोबर काढले. सोमवारी सकाळी आठला पाच कमी असताना तू माझ्या डायनिंग टेबलाशी हजर. चष्मा, फोन, चार्जर, पाण्याची बाटली आणि तुझी ती वही. शाळेत पहिल्या दिवशी निघाल्यासारखी दिसत होतीस.

वहीबद्दल मला तोवर एवढंच माहीत होतं की रिटायर झाल्यावर तू सीनियर सेंटरला जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना डॉक्टर शोधून देतेस. त्या दिवशी पाहिलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू आसपासच्या ऑफिसांना फोन करायचीस आणि कोण मेडिकेअरचे पेशंट घेतं, कोण घ्यायचं थांबलं, हे पेन्सिलीने लिहायचीस. पेन्सिलीने का, विचारलं तर म्हणालीस, "कारण हे बदलत राहते. छापील यादीवर भरवसा ठेवशील तर मेलेल्या डॉक्टरकडे जाशील."

आणि खरंच तसं झालं. मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा, कार्ड आहे पर्समध्ये, गेलं की दाखवायचं, एवढंच मी धरून चालले होते. मी स्वतः काढलेल्या यादीतल्या पहिल्या नंबरवर कळलं की ते डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले. दुसरीकडे फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, हो हो, आम्ही मेडिकेअर घेतो. मी आनंदाने तुझ्याकडे पाहिलं. तू फोन माझ्या हातातून काढून घेतलास आणि विचारलंस, "नवीन पेशंट घेता का मेडिकेअरचे?" नवीन मात्र जानेवारीनंतरच, म्हणाली. तिसरीकडे घ्यायचे, पण सरकारी साधं नाही, खाजगी कंपन्यांमार्फतचं, आणि तेही एकाच कंपनीचं. चौथीकडे सहा आठवड्यांनी.

"तू चुकीचा प्रश्न विचारतेस," तू मला म्हणालीस. "घेता का असं विचारलं की हो म्हणतात. खोटं नाही बोलत. आम्हीपण असंच बोलत होतो."

दुपारी अनिकेतचा क्युपर्टिनोहून फोन आला. "मॉम, जस्ट पे कॅश. व्हाय आर यू डुइंग धिस?" पैसे देऊन लगेच बघणारे डॉक्टर आहेत म्हणाला, जे मेडिकेअरच्या भानगडीतच पडत नाहीत. मला ते पटायला लागलं होतं. तू स्पीकरजवळ तोंड नेऊन त्याला म्हणालीस, "बेटा, तुझ्या आईने चाळीस वर्षं पगारातून यासाठी पैसे कापून दिले आहेत. एक दिवस मला दे. नाही जमलं तर तू सांगशील तिथे नेते." तो म्हणाला, "ओके, सुधामावशी." माझं तो कधी एवढ्या लवकर ऐकत नाही.

त्या दिवशी तू किती फोन केलेस मी मोजले नाहीत. एका ऑफिसला चारदा केलास. पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा तू नर्सला निरोप ठेवायला सांगितलास. तिसऱ्यांदा निरोप पोचला का हे विचारायला. चौथ्यांदा, कोणी रद्द केलं तर आम्ही अर्ध्या तासात पोचू, हे सांगायला. प्रत्येक वेळी तेच वाक्य, शब्दाचा फरक नाही: डावा कान, एका रात्रीत गेला, मंगळवारपासून. आणि प्रत्येक वेळी पलीकडच्या मुलीचं नाव विचारून घेत होतीस, 'थँक यू, ब्रिटनी' म्हणत होतीस. मी चिडून म्हटलं, "कशाला एवढं गोड बोलतेस त्यांच्याशी?" तू म्हणालीस, "तिच्या हातात काही नाही. सकाळपासून लोक तिच्यावर ओरडत असतील. निदान नाव घेऊन बोललेली एक बाई तिच्या लक्षात राहील."

मंगळवारी, आठव्या दिवशी, तू मला चाळीस मिनिटांवरच्या एका गावात घेऊन गेलीस. तिथे फोनवर नाही म्हणाले होते. तुझं म्हणणं, फोनवर नाही म्हणणं सोपं, समोर उभ्या माणसाला अवघड. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की ड्रायव्हरच्या बाजूचा कानच बंद आहे. तू बोलत होतीस आणि मला नुसती हनुवटी हललेली दिसत होती. शेवटी तू मला मागे बसवलंस आणि समोर बघत ओरडून बोलायला लागलीस. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, टॅक्सीवाली बाई गिऱ्हाइकाशी भांडतेय.

तिथेही नाहीच मिळालं. खिडकीतली बाई सभ्य होती. डॉक्टरांनी या वर्षीपासून मेडिकेअर सोडलंय म्हणाली, आणि तुला एक छापील यादी दिली. तू ती घेतलीस, थँक यू म्हणालीस, आणि पार्किंगमध्ये आल्यावर बराच वेळ गाडी सुरूच केली नाहीस.

परत येताना मी शैलावहिनींचा विषय काढला. तू त्यांना मंडळात पाहिलेलं होतंस. त्यांचे यजमान बॉस्टनच्या बाजूला कान-नाक-घशाचेच डॉक्टर. मी म्हटलं, एक फोन करते, ओळखीने काम होईल. तू लगेच म्हणालीस, "नको."

"का नको? माझा कान जातोय, सुधा."

"मग जी बाई रांगेत आहे तिचं काय?"

"कोण बाई?"

तेव्हा तू ती गोष्ट सांगितलीस. मला ऐकू यावी म्हणून ओरडून सांगितलीस. माणसं जी गोष्ट कुजबुजूनही सांगत नाहीत ती तू हायवेवर गळ्याच्या शिरा ताणून सांगितलीस. तुझ्या ऑफिसने नवीन मेडिकेअर पेशंट घेणं थांबवलं त्या आठवड्यात एक पोलिश म्हातारी खिडकीपाशी आली होती. दोन बस बदलून. तू तिला नाही म्हणालीस, तुझ्या नेहमीच्या गोड आवाजात. ती म्हणाली, "मग कोणाकडे जाऊ, डिअर?" तू तिला एक यादी दिलीस. यादी जुनी आहे हे तुला माहीत होतं. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या गोल्फच्या मित्राच्या आईला तू स्वतःच्या हाताने दुपारच्या वेळात बसवलंस. तीही मेडिकेअरचीच.

"तिचा कोट हिरवा होता," तू ओरडलीस. "बटण तुटलेलं होतं. मी तिला परत कधी बघितलं नाही!"

आरशात तुझे डोळे दिसत होते. मला त्या क्षणी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. पण मी घाबरलेली होते, सुधा, आणि घाबरलेली माणसं स्वतःपुरतंच बघतात. मी म्हटलं, "म्हणून त्याची शिक्षा माझ्या कानाला?"

 तू म्हणालीस, ओरडून नव्हे, पण मला ऐकू आलं: "तुमच्याकडे नेहमी कोणीतरी ओळखीचं असते. आमचे बाबा आईला घेऊन सरकारी दवाखान्यात पहाटेपासून रांगेत बसत. मागून लोक येत, आत जात. आईचा नंबर लागेपर्यंत खिडकी बंद."

'तुमच्याकडे.' वूस्टरच्या अपार्टमेंटमधल्या लाँड्री रूममध्ये आपण पहिल्यांदा भेटलो, त्याला चाळीस वर्षं झाली. तू श्रीकांतचा स्वेटर माझ्या हातातून ओढून घेऊन ड्रायरपासून वाचवला होतास. तेव्हापासून किती भांडलो असू. तू मेशराम, मी गोखले, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. पण तो शब्द तू माझ्यासमोर फार थोड्या वेळा वापरलास, आणि वापरलास तेव्हा दर वेळी बरोबर होतीस.  घरापाशी तू म्हणालीस, "तुझा कान आहे. तू ठरव. मी रागावणार नाही." आणि रागावलेल्या माणसासारखी गाडी वळवून गेलीस.

ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. पुढे वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला तुझा फोन आला. मी फोन उचलायच्या आत तू दारातही होतीस, फोन कानालाच, चप्पल उलटसुलट.

"मिळाली! रांगेतून मिळाली! चारदा फोन केला ना, तिथूनच. कोणीतरी रद्द केलं. दहा वाजता बोलावलं. उठ!"

सुधा, आता ऐक. तुला हे मी दीड वर्ष सांगितलं नाही.

आदल्या संध्याकाळी मी गराजमध्ये जाऊन शैलावहिनींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, अगं, हे स्वतः आता मेडिकेअर घेत नाहीत, पण तुमच्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांना ओळखतात. कुठे कुठे विचारलंस? मी तुझ्या वहीतली नावं सांगितली, त्यात तू चारदा फोन केलेल्या या ऑफिसचंही होतं. त्या म्हणाल्या, सांगते ह्यांना बोलायला. आणि सकाळी तीच अपॉइंटमेंट आली.

मी काय समजायचं? तुझ्या चार फोनांनी दार उघडलं की माझ्या एकाने? तू चप्पल नीट करत हसत होतीस. तुझा चेहरा इतका उजळलेला मी सुजाताच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी गप्प बसले. मग गप्प बसण्याची सवय झाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाकावर वांगाचे ठिपके. साउंडप्रूफ खोलीत तपासणी झाली, आलेख माझ्यासमोर ठेवला. उजव्या कानाची रेघ वर आणि डाव्याची दरीत गेलेली. नववा दिवस आहे, त्या म्हणाल्या, उशीर झालाय पण फार नाही. आजच सुरू करू. मग विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं हे तातडीचं आहे म्हणून? बहुतेक लोक दोन महिन्यांनी येतात. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. "यू आर अ डॉक्टर?" त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, "नो. फ्रंट डेस्क." मान ताठ करून म्हणालीस.

त्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मला झोप लागेना, तोंडाला चव नव्हती आणि मी श्रीकांतवर दिवसातून चार वेळा खेकसत होते. आणि मग ती कानाच्या पडद्यातून द्यायची इंजेक्शनं, आठवड्याला एक, अशी तीन. टोचल्यावर अर्धा तास कुशीवर पडून राहायचं, बिघडलेला कान वर. बोलायचं नाही, आवंढाही शक्यतो गिळायचा नाही. तू स्टूल ओढून माझ्या तोंडासमोर बसलीस आणि म्हणालीस, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझं तोंड बंद आहे. आता मी बोलते."

आणि तू बोललीस. अर्धा अर्धा तास बोललीस. हातवारे केलेस, एकदा डोळे पुसलेस, एकदा मांडीवर थाप मारून हसलीस. मी पापण्यांनी हो हो करत होते. पण वेडे, चांगला कान उशीत दाबला गेला होता आणि वरच्या कानात औषध भरलेलं. मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पहिल्या दोन वेळचं तुझं सगळं बोलणं मी नुसतं पाहिलं. तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी घूं घूं च्या पलीकडून, विहिरीच्या तळातून यावा तसा तुझा आवाज आला: "...म्हणून मी तिला म्हटलं, बापा, भेंडी नको, दुधी घे." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुला वाटलं दुखतंय. तू नर्सला हाका मारायला लागलीस.

नंतर एकदा मी विचारलं, "पहिल्या दोन वेळेला काय सांगत होतीस गं?" आणि खरं कारणही सांगून टाकलं. तू हसून हसून सोफ्यावर आडवी झालीस. "एवढं मोठं दुःख सांगितलं तुला, आणि तू नुसत्या पापण्या हलवत होती!" कुठलं दुःख, ते काही सांगितलं नाहीस. "झालं सांगून, मोकळी झाली मी," म्हणालीस. मला ते अजून हवं आहे, सुधा. वसंतरावांचं होतं का? आईचं होतं? सुजाताला विचारलं, तिलाही माहीत नाही.

कान पूर्ण नाही आला. बारीक आवाज, पक्ष्यांचे वगैरे, डावीकडून अजून येत नाहीत. पण माणसं ऐकू येतात. गेल्या एप्रिलमध्ये तुमच्या जयंतीच्या कार्यक्रमात तू बुद्धवंदना म्हणायला उभी राहिलीस तेव्हा मी मुद्दाम उजव्या कानावर हात ठेवून नुसत्या डाव्याने ऐकलं. तू मध्येच माझ्याकडे पाहिलंस आणि एक ओळ चुकलीस.

त्यानंतर तू माझ्या कानाची गोष्ट सगळीकडे सांगत सुटलीस. सीनियर सेंटरला कोणी हताश होऊन आलं की मला बोलावून घ्यायचीस. "ही बघा. नवव्या दिवशी मिळाली. कोणाची ओळख नाही, काही नाही. नीट विचारायचं आणि परत विचारायचं." आणि माझ्याकडे बघायचीस. मी मान हलवायचे. दर वेळी तुझ्या त्या विश्वासाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगितलं तर तुझी गोष्ट मोडेल, आणि ती गोष्ट ऐकून लोक पुन्हा फोन हातात घ्यायचे हे मी डोळ्यांनी बघत होते. हे झालं सोयीचं कारण. खरं कारण वेगळं होतं. तू पुन्हा एकदा 'तुमच्याकडे' म्हणशील याची मला भीती वाटत होती.

गेल्या शनिवारी तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, इथेच, श्रूजबरीच्या हॉलमध्ये. तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. सुजाता न्यू जर्सीहून आली होती, तिचा नवरा डॅनियल पांढऱ्या कुर्त्यात अवघडून बसला होता. सीनियर सेंटरची माणसं आली होती, त्यातले दोघं वॉकर घेऊन. सुजाताने मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी एका कागदावर छान छान वाक्यं लिहून आणली होती.

माझा नंबर यायच्या आधी शैलावहिनी शेजारी येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मृदुला, तुझा कान बरा ना आता? मला फार अपराधी वाटतं बाई. तेव्हा तू फोन केला होतास ना? हे नेमके त्या आठवड्यात इंडियाला होते. मी म्हटलं आले की सांगते, आणि साफ विसरले. तुझं काम झालं असं नंतर मंडळात कळलं, तेव्हा जिवात जीव आला. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी तेच पुन्हा मोठ्यांदा सांगितलं. पुढच्या रांगेतले दोघंतिघं वळले.

म्हणजे कोणी कोणाला फोन केलाच नव्हता. दीड वर्ष मी जे तुझ्यापासून लपवलं ते झालंच नव्हतं. तुझ्या चार फोनांनी ते दार उघडलं होतं. ब्रिटनीने, किंवा जी कोण होती तिने, निरोप लिहून ठेवला, आणि जागा झाली तेव्हा तो बघितला. एवढंच. तू पहिल्यापासून खरं बोलत होतीस आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून मान हलवत मनात म्हणत होते, बिचारीला काय माहीत. रांगेवर माझा विश्वास नव्हता, ते एक वेळ ठीक. पण तुझ्यावरही नव्हता, सुधा. ते मला सहन होईना.

माझं नाव पुकारलं. मी कागद पर्समध्ये टाकला आणि माइकपाशी गेले. सगळं सांगितलं. तेल सांगितलं, श्रीकांतने मान खाली घातली. तुझे चार फोन सांगितले. गराजमध्ये जाऊन केलेला माझा फोन सांगितला, आणि तो तुझ्यापासून लपवला हेही. शैलावहिनींनी पदर डोळ्यांना लावला, पण त्यांनीच मागून "हो, खरं आहे" अशी साक्ष दिली. मग तेच मी इंग्रजीत सांगितलं, वॉकरवाल्यांसाठी आणि तुझ्या जावयासाठी. शेवटी म्हटलं, "ती अपॉइंटमेंट सुधाची होती. पूर्ण सुधाची. आणि हे आज तिला कळलं असतं, तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नसती. तिसऱ्या दिवशी आली असती आणि विचारलं असतं, गराजमध्ये काहून गेली वं, घरात काय रेंज नव्हती?"

तुझ्या कार्यक्रमात लोक हसले, सुधा. मेणबत्त्यांसमोर, पांढऱ्या साड्यांत, मोठ्यांदा हसले. पहिली सुजाता हसली. डोळ्यांतलं पाणी न पुसता, तोंडावर हात न धरता, मान मागे टाकून, अगदी तुझ्यासारखी. मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.